चाळीस नॉर्मल माणसं

१० फेब्रुवारी १९८४, शुक्रवार

ही वही लॅबच्या नोंदींसाठी आणली होती. दुकानातून परतल्यावर दिसलं की प्रत्येक पानावर तारीख छापलेली आहे. लॅबमध्ये चालणार नाही. वाया जाऊ नये म्हणून इथे बाकीचं लिहीन. बाकीचं फार नसतं.

आज सरांनी बोलावलं. सर म्हणजे डॉ. कृष्णकांत, धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे मालक, वय चौपन्न.

"लतिका, आपण रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून जो आकडा छापतो तो कुणाचा?"

"पुस्तकाचा."

"पुस्तक कुणाचं?"

"इंग्रजांचं."

"म्हणजे विदर्भातल्या म्हाताऱ्याचं रक्त आपण लंडनच्या म्हाताऱ्याशी ताडून बघतो." सरांनी टेबलावर हात आपटला. त्यांना स्वतःची वाक्यं आवडतात.

तर मला पन्नाशीपुढचे चाळीस निरोगी पुरुष मिळवायचे आहेत. त्यांच्या रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज मोजायचं. हे एन्झाइम प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, भरपूर असतं. तिथला कॅन्सर हाडांत पोचला की रक्तात त्याचा आकडा चढतो. निरोगी माणसाचा आकडा आमचा स्वतःचा असला पाहिजे, हे सरांचं म्हणणं बरोबर आहे. २१ एप्रिलला शहरातल्या डॉक्टरांसमोर त्यांचं भाषण आहे: प्रोस्टेटचा कॅन्सर हाडातच का जातो आणि कसा. बोलणार ते, लिहिणार मी. मला बोलायला आवडत नाही, त्यामुळे तक्रार नाही.

पहिलं नाव मी त्यांचंच सुचवलं. ते म्हणाले, संशोधक स्वतः नमुन्यात नसतो. असा नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

नॉर्मल पुरुष मिळत नाहीत. धंतोलीत जो येतो तो आजारी किंवा आजाऱ्याचा भाऊ. भावांना विचारलं तर त्यांनाही आजार असतात, फक्त ते सांगायला कुणी मिळालेलं नसतं.

आमचे लॅब अटेंडंट मारोतराव वीस वर्षं इथे आहेत. त्यांनी मार्ग काढला. त्यांचा साळा बळीराम उमरेडच्या विणकर सोसायटीत माग चालवतो. "तिथं पन्नाशीच्या वरचे पन्नास सापडतीन, मॅडम. सारे ठणठणीत. आमचा बळीराम तं दगड पचवते."

दगड पचवणं हा निकष नाही. पण होकार दिला.

२० फेब्रुवारी, सोमवार

लेखांच्या प्रती मागण्यासाठी डिसेंबरात, भाषण ठरलं तेव्हाच, अमेरिकेला अकरा पोस्टकार्डं पाठवली होती. चार लेख आले. दिवसभर वाचले.

ग्रंथीतल्या पेशींच्या खाली एक पातळ अस्तर असतं. निरोगी पेशी त्यावर बसून राहते. कॅन्सरची पेशी तीन गोष्टी करते. अस्तरात लॅमिनिन नावाचं प्रथिन आहे, त्याला ती आपल्या अंगावरच्या रेणूने धरते. मग अस्तराचे कोलॅजेनचे धागे कापणारं एन्झाइम सोडते. मग पडलेल्या भोकातून सरकते. धर, काप, सरक. रक्तात पडलेल्या हजारोंमध्ये एखादीच जगते. प्रोस्टेटभोवतीच्या शिरा मणक्यांच्या शिरांना जोडलेल्या आहेत आणि त्या जाळ्यात झडपा नाहीत. माणूस नुसता खोकला तरी तिथलं रक्त उलटं जाऊ शकतं. म्हणून कंबरेचे मणके वाटेवर पडतात.

पण वाट हे पूर्ण उत्तर नाही. बरेच कॅन्सर हाडात जाऊन ते पोखरतात. हा बहुधा हाड वाढवतो. त्याच्या पेशी कसला तरी रेणू सोडतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. तो रेणू कोणता, हे अजून नक्की माहीत नाही. चारही लेखांत हे कबूल केलंय. ते वाक्य भाषणात ठेवणार.

मारोतराव काचेच्या नळ्या धुताना ऐकत होते. त्यांच्या महाल भागातल्या घरात एक भाडेकरू नऊ वर्षांपासून निघत नाही.

"म्हणजे हा भाडेकरूच झाला. आधी पायरीवर बसते. मंग हळूच कडी काढते. मंग आत. आन् आत आल्यावर घरमालकाच्याच गवंड्याले म्हणते, बांध गा इथं अजून एक खोली."

"पेशींना बोलता येत नाही."

"मंग गवंड्याले कसं समजते?"

"रेणू सोडते."

"म्हणजे चिठ्ठी पाठवते."

मी पुढचा लेख उघडला. चिठ्ठी हा शब्द चुकीचा नाही, हीच अडचण आहे. आम्ही रक्तात दोन आकडे मोजतो. ॲसिड फॉस्फटेज भाडेकरूकडून येतं, अल्कलाइन फॉस्फटेज गवंड्यांकडून. पहिला चढला की तो आत आहे. दुसरा चढला की बांधकाम चालू आहे.

पुढच्या वेळी ही उपमा न वापरता लिहीन.

४ मार्च, रविवार

उमरेड. पहाटेच्या एस.टी.ने गेलो. सोबत बर्फाचे दोन थर्मास, सिरिंजा, सेंट्रिफ्यूज, आणि मारोतरावांनी घेतलेली संत्र्यांची पेटी, रक्त दिल्यावर प्रत्येकाला दोन याप्रमाणे. हे एन्झाइम नाजूक असतं. उन्हात तासाभरात मरायला लागतं आणि रोगी माणूसही नॉर्मल दिसतो. म्हणून रक्त तिथेच फिरवून सिरम वेगळं करायचं, त्यात ॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकायचा आणि बर्फात ठेवायचं. मारोतराव माझ्यामागे बसून सेंट्रिफ्यूज सांभाळत होते.

सोसायटीचे अध्यक्ष गणपतराव. पूर्वीचे पहिलवान, मान खांद्यात गेलेली. त्यांनी पंधरा मिनिटं भाषण केलं. "अरे, चमचाभर रक्ताले काय भेता? मी आखाड्यात याच्याहून जास्त सांडलं हाये!" मग खाली येऊन मला माझं आडनाव विचारलं. मी पद सांगितलं: बायोकेमिस्ट. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा पद सांगितलं.

पडदा त्यांचीच सूचना. "मॅडम, तुमी लेकीच्या वयाच्या. म्हातारे लाजतीन. आन् एकाची सुई पाहून दुसरा पयीन." म्हणून सभागृहात एक लुगडं आडवं बांधलं. रांग, नावं आणि संत्री त्यांनी तिकडे स्वतःकडे घेतली. पडद्याखालून चिठ्ठी आणि हात यायचा. मला फक्त हात दिसत होते. मला अडचण नव्हती. हात बोलत नाहीत.

मात्र पडद्यामागची तोंडं बोलतात. क्र. ९, धोंडबा, वय ५९: "बाई, सावकाश. चाळीस वर्षं धोटा फेकला या हातानं. अजून एक पातळ बाकी हाये मागावर." शीर उत्तम.

क्र. १७, बळीराम, वय ५६. बाकी सगळ्यांनी डावा हात दिला, यांनी उजवा. कारण विचारलं. घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "डावा थकला." विणकराचा डावा हात रविवारी सकाळी का थकावा, समजलं नाही. शीर उत्तम.

क्र. २३, गणपतराव, वय ६१. हात अपेक्षेपेक्षा बारीक. कुस्ती सुटल्यावर स्नायू उतरत असावेत. कोपराच्या खोबणीत टोचल्याची ताजी खूण. विचारल्यावर फक्त "हूं" आलं. माझ्या अंदाजाने काल सलाइन घेतलं असावं. तसं शेऱ्यात लिहिलं. त्याच वेळी अंगणातून त्यांचा आवाज ऐकू आल्याचा भास झाला. सभागृहात आवाज फार घुमतो.

चिठ्ठीवर दोन प्रश्न होते. कंबर दुखते का: चाळिसांपैकी एकतीस हो. खड्ड्याच्या मागावर पाय सोडून दिवसभर बसल्यावर दुखणारच. लघवीचा त्रास आहे का: शून्य. पन्नाशीपुढच्या चाळीस पुरुषांत शून्य हा आकडा अशक्य आहे, पण प्रश्न मी विचारला होता.

निघताना अंगणात एक काटकुळा माणूस संत्र्याच्या सालींच्या ढिगाशेजारी बसला होता. "मी धोंडबा. क्रमांक नऊ," तो म्हणाला. "तुमची सुई चांगली हाये, बाई. मुंगीसारखी." उठताना त्याने भिंत धरली आणि एक हात कमरेवर ठेवला. सगळे विणकर तसेच उठतात.

काम नीट झालं.

६ मार्च, मंगळवार

काम नीट झालेलं नाही.

सदतीस जणांचा प्रोस्टेटचा आकडा एकच्या खाली. तिघांचा ६.४, ६.२, ६.५. क्रमांक ९, १७, २३. त्याच तिघांचं अल्कलाइन ३८, ३९, ३८. नॉर्मल तेरापर्यंत.

आधी माझ्यावर संशय घेतला. प्रोस्टेटचा वाटा वेगळा काढायला लागतं ते टार्ट्रेट नवीन केलं, बफर नवीन केला, नळ्या स्वतः धुतल्या. मारोतरावांना ते आवडलं नाही.

८ मार्च, गुरुवार

पुन्हा तेच आकडे. सरांना दाखवले.

"एका गावात, एका सभागृहात, एका सकाळी तीन? लतिका, काहीतरी सांडलंय."

मी सांडत नाही. (एकदा सांडलं होतं, १९८२ मध्ये. त्याची नोंद आहे.)

"तिघांना बाद कर. दुसरे तीन घे. चाळीस हा आकडा स्लाइडवर बरा दिसतो."

"आणि हे तिघे?"

सरांनी आकड्यांचा कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. सर वाईट नाहीत. त्यांना गोल आकडे आवडतात. "खात्री कर," म्हणाले. "मग मला सांग. खरं असेल तर मणका खचायच्या आत माणूस इथे पाहिजे. खचला तर पाय जातात."

दुपारी मारोतरावांनी तक्रार आणली. बळीराम म्हणे त्याला संत्रं मिळालंच नाही. मी ऐंशी मोजून नेली होती. वाटपात गोंधळ झाला असावा. पुढच्या वेळी यादी करावी.

९ मार्च, शुक्रवार

सिरम काढल्यावर उरलेल्या रक्ताच्या गाठी पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवते. आज सहजच तिघांचा रक्तगट काढला. सहज हा शब्द खरा नाही. मला झोप आली नव्हती.

क्र. ९: एबी निगेटिव्ह. क्र. १७: एबी निगेटिव्ह. क्र. २३: एबी निगेटिव्ह.

आमच्या रजिस्टरप्रमाणे हा गट दोनशेत एकाचा. तीन अनोळखी माणसं, तिघांचा तोच गट: ऐंशी लाखांत एक.

मी खुर्चीवर बसले. उजवा हात. टोचल्याची खूण. बळीरामचं संत्रं. सालींचा ढीग. पडद्यामागे तीन माणसं नव्हती. एक होता, आणि तो तीनदा आला होता.

मारोतरावांना सांगितलं. ते इतके हसले की हातातला फ्लास्क ठेवावा लागला. मग एकदम थांबले. "पण मॅडम, कोणता एक?"

हाच प्रश्न आहे. मला हात माहीत आहे. माणूस माहीत नाही. म्हणजे, अंदाज आहे. तो चुकावा असं वाटतं. हे शास्त्रीय नाही.

११ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

सोपा उपाय होता: तिघांचं पुन्हा रक्त घ्यायचं. सोसायटीच्या ऑफिसात तिघांना बोलावलं. मी सिरिंज बाहेर काढली. बळीराम दाराकडे सरकला. गणपतराव खुर्चीत ताठ झाले.

"एकदा देल्लं ना, मॅडम! डाव-डाव काहून?"

"तुम्हीच दिलं होतं?"

"मी अध्यक्ष हावो या सोसायटीचा!"

हे उत्तर नव्हतं. बळीरामला विचारलं. त्याने देवाची शपथ घेतली, मग भाऊजी, म्हणजे मारोतराव, समोर बसलेत हे बघून ती अर्ध्यावर सोडली. धोंडबा कोपऱ्यात स्टुलावर बसून छताकडे बघत होता. "तिघंबी आमी देल्लं, बाई. सुई मुंगीसारखी होती." बाकीच्या दोघांनी मान डोलावली. मुंगी चावली की कसं वाटतं हे त्या दोघांना माहीत नसावं.

मी सिरिंज परत ठेवली. मग तिघांनाही त्यांचे रिपोर्ट वाचून दाखवले. तो त्यांचा हक्क आहे. सांगितलं की या आकड्यांचा अर्थ बहुतेक प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. नक्की डॉक्टर सांगतील, पण थांबण्यात धोका आहे.

"मंग औषध?" गणपतरावांचा आवाज आखाड्यातला राहिला नव्हता.

"त्या पेशींना जगायला पुरुषांचं हॉर्मोन लागतं. ते जिथे तयार होतं ते काढून टाकतात. छोटं ऑपरेशन असतं."

"जिथं म्हणजे कुठं?"

मी सांगितलं. शब्द नेमका वापरला.

मारोतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"तिघांचंही लवकर करावं लागेल," मी म्हणाले. "गणपतराव, तुमचं वय जास्त, म्हणून तुमचं आधी."

"मी नाही देल्लं!" गणपतराव उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "आईशप्पथ, मॅडम, एक थेंब नाही देल्ला! मले सुई पायली की घेरी येते. लहानपणापासून येते!"

"मीबी नाही!" बळीराम ओरडला. "संत्रंबी नाही खाल्लं!"

मारोतराव एस.टी.त म्हणाले की मी डाव टाकला. मी डाव टाकला नाही. मी माहिती दिली.

पण हे नंतरचं. तेव्हा दोघंही एकदम बोलत होते: पहिलवानाची अब्रू, भाषण करून बसलो, साऱ्या गावाले काय सांगू, धोंडबा म्हणे मी देतो तुमच्या वाट्याचं, माह्या अंगात लय हाये. आणि बोलता बोलता दोघं थांबले, कारण दोघांनाही एकाच वेळी समजलं. त्यांनी स्टुलाकडे बघितलं.

धोंडबा अजून छताकडे बघत होता.

"म्हणजे ते सारं माहं," तो म्हणाला.

गणपतराव पडलेली खुर्ची उचलायला वाकले.

"तिघायचं एकट्याले." मग तो हसला. खरंच हसला. "संत्रेबी तिघायचे मीच खाल्ले होते म्हणा."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्याला विचारलं की कंबर किती दिवसांपासून दुखते. दिवाळीपासून, म्हणाला. खोकलं की जास्त. लघवी? समोर अध्यक्ष होते, आणि विचारणारी मी बाई होते. तरी त्याने सांगितलं. चिठ्ठीवर 'नाही' होतं तिथे मी तिथल्या तिथे 'हो' केलं. सही केली. वेळ घातली.

गणपतराव रडत होते. पहिलवान रडताना आवाज करत नाहीत, नुसते मोठे होतात.

१५ मार्च, गुरुवार

धोंडबा आणि त्यांची बायको कांताबाई सकाळच्या एस.टी.ने आले. सरांनी तपासलं, पुन्हा रक्त घेतलं. ६.३. एक्स-रे काढला. कंबरेच्या दोन मणक्यांत आणि ओटीपोटाच्या हाडात पांढरे ठिपके, पिंजलेल्या कापसासारखे. मणके अजून उभे आहेत. पायात ताकद आहे.

धोंडबांनी एक्स-रे खिडकीपुढे धरला. मी सांगितलं की हे पांढरं म्हणजे नवं हाड. पण घाईत बांधलेलं. चांगल्या हाडात कोलॅजेनचे धागे एका दिशेने, थरावर थर असतात; इथे ते कसेही पडलेत. इंग्रजी पुस्तकात याला 'विणलेलं हाड' म्हणतात.

त्यांनी मान वर केली. "विणलेलं? याले?"

"पुस्तकात तसं आहे."

"बाई, असं मी विणलं असतं तं सोसायटीनं थान तोंडावर फेकलं असतं. याले गुंता म्हणतात. लेहून कळवा त्यायले."

सरांनी ऑपरेशनचं सांगितलं, फार वळणं घेत. मग कांताबाई बोलल्या. त्यांचं वाक्य इथे लिहीत नाही. सर चष्मा पुसायला लागले, मारोतराव खोलीबाहेर गेले, आणि धोंडबांनी सही केली.

२८ मार्च, बुधवार

काल मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. मी त्याच बाजूला कामाला गेले होते, म्हणून वॉर्डात डोकावले. (काम नव्हतं.)

गणपतराव वॉर्डाच्या दाराबाहेर दोन दिवस बसून आहेत. आत येत नाहीत. आत सलाइनच्या सुया आहेत. डबा मात्र त्यांच्या घरून येतो.

२ एप्रिल, सोमवार

धोंडबा म्हणतात कंबर दुखणं ऐंशी टक्के गेलं. मी विचारलं, ऐंशी कसे मोजले. "आधी उठाले पाच जाग्यावर हात ठेवा लागे, आता एका." बरोबर आहे.

सगळ्यांनी ते वाक्य एकमेकांना सांगितलंय, तेव्हा माझ्याकडेच नसण्यात अर्थ नाही. कांताबाई म्हणाल्या होत्या: "चार लेकरं झाले, नातू झाले. आता त्यायचं काय लोणचं घालाचं हाये? माणूस ठेवा, बाकी काढा."

२१ एप्रिल, शनिवार

भाषण झालं. सरांनी चांगलं केलं. धर, काप, सरक. झडपा नसलेल्या शिरा. पाठीच्या कण्याची वाट. "तो रेणू कोणता, हे अजून नक्की माहीत नाही" हे वाक्य त्यांनी गाळलं. मग स्लाइडकडे वळून, माझ्या कागदात नसलेलं बोलले: "ही पेशी येते ती भाडेकरूसारखी. आणि घरमालकाच्याच गवंड्यांना चिठ्ठी पाठवते." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत मारोतराव उठून उभे राहिले.

स्लाइडवर संख्या ३७ होती. प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारलं, सदतीस का? सरांनी माझ्याकडे बोट केलं. मला बोलावं लागलं. तिघांचं सगळं सांगितलं, नावं न घेता. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

६ मे, रविवार

उमरेड. ऊन भयंकर. थर्मास तीन नेले.

बळीराम आणि गणपतरावांनी स्वतःचं रक्त दिलं. पडद्याशिवाय. अंगणात निम्मी सोसायटी बघायला जमली होती. गणपतरावांच्या एका बाजूला धोंडबा हात धरून बसले. "इकडं पाहा, पहिलवान. माह्याकडं. ते काढलं तईसुदिक मी एवढं तोंड नव्हतं केलं." सुई गेली तेव्हा गणपतरावांनी डोळे मिटले आणि मोठ्याने स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट. कुणी विचारलं नव्हतं. घेरी आली नाही. नंतर टरबुजाच्या सात फोडी खाल्ल्या.

म्हणजे एकोणचाळीस. चाळिसाव्यासाठी काल सरांना पुन्हा विचारलं होतं. तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून ते आत गेले. लॅबचा फोन मंगळवारपासून बंद आहे.

मग धोंडबांचं रक्त. बाटलीवर लावायची चिठ्ठी काढली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "नाव?"

त्यांनी पूर्ण सांगितलं. "माहं तं आता खरं झालं. तुमचं?"

मी सांगितलं. लतिका, आणि आडनावही. अंगणातले दोघे-तिघे माझ्याकडे बघायला लागले, जसे नेहमी बघतात. धोंडबांनी बाही वर केली.

"बरं. डावाच घ्या. थकला नाही."

रक्त घेतलं. मग त्यांनी कापूस दाबत विचारलं, "भाडेकरू गेला का?" मारोतरावांनी ती उपमा इथपर्यंत पोचवली आहे.

"नाही. उपाशी आहे."

"मरन का तो?"

"बरेच मरतात. काही उपाशी राहूनही जगायला शिकतात."

"किती दिवसानं?"

मी ठरवलं होतं, विचारलं तरच सांगायचं. विचारलं. "पुस्तकात सरासरी दोन वर्षं दिली आहेत. काहींना कमी, काहींना बरीच जास्त."

कांताबाई टरबूज कापत होत्या. त्यांची सुरी थांबली. धोंडबांनी उघड्या दारातून आतल्या आपल्या मागाकडे बघितलं. त्यावर हिरव्या काठाचं पातळ अर्धं झालं होतं.

"सरासरी म्हणजे तुमच्या त्या चाळीस माणसायची काढता तसंच ना?"

"तसंच."

"त्यात मी तीन डाव बसलो होतो. तुमाले पत्ता नव्हता."

"पाच दिवसांत लागला."

"पाच दिवस तं नव्हता! मंग त्या पुस्तकवाल्याच्या रांगेत कोण किती डाव बसलं, त्याले तरी काय माहीत?"

याचं पुस्तकी उत्तर आहे. ते न देता मी चिठ्ठी बाटलीवर चिकटवली.

संध्याकाळी लॅबमध्ये येऊन लगेच मोजलं. १.१. अल्कलाइन थोडं वाढलंय, पण हाड भरून येताना ते आधी वाढतं आणि मग उतरतं. तसं वेगळ्या कागदावर, त्यांना समजेल असं लिहून ठेवलं, नाहीतर आकडा बघून घाबरतील. सरांच्या अहवालात संख्या ३९ लिहिली.

मग धोंडबांचं कार्ड केलं. दर तीन महिन्यांनी तपासणी. तारखा आधीच घालून दिल्या की एस.टी.चं आणि मागाचं त्यांना ठरवता येतं. आठ तारखांत दोन वर्षं होतात. मी बारा लिहिल्या. कार्डावर जागा होती.